शरणपूरहून मोंबासाला

चि. सुहास,

मंडळीच्या स्मरणिकेसाठी केनियाच्या अँग्लिकन चर्चवर लिहितो आहेस, त्याचा आराखडा वाचला. एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. सुरुवातीची बिशपांची यादी काढून टाक.

१८४४ साली मिशनरी क्राप्फ मोंबासाला उतरला आणि दोन-तीन महिन्यांतच त्याने बायको आणि तान्हं मूल तिथल्या मातीत पुरलं, हे जरूर लिही. पण पुढची तीस वर्षं मिशन जेमतेम तग धरून होतं. चर्चने खरं मूळ धरलं ते १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसलं तेव्हा. ते वसवणारे प्राइससाहेब आपल्या नाशिकच्या शरणपूरचे, आणि त्यांच्या हाताशी असलेली कितीतरी माणसंही इथलीच! गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं, इथे वाढलेली, इथेच हातचा धंदा शिकलेली. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत.

त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना बिशप हॅनिंग्टननी १८८५ मध्ये डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बुसोगात बिशपांचा वध झाला. मागे थांबलेला तांडा जोन्सने परत राबईला आणला, तेव्हा पुढच्या निळ्या निशाणावर 'ईखाबोद', म्हणजे 'वैभव गेलं', असं लिहिलेलं होतं. शमुवेलाच्या पुस्तकातला तो शब्द तुला लहानपणी पाठ होता. तुझा लेख मला या निशाणापासून सुरू झालेला हवा आहे.

मग बिशपांकडे ये. पहिले आफ्रिकी बिशप, फेस्टो ओलांग आणि ओबाडाया कारिउकी, १९५५ मध्ये झाले. डीकनपासून बिशपपर्यंत सत्तर वर्षं का लागली, हे टाळू नकोस. मिशनऱ्यांचं ऋण मानूनही हा प्रश्न विचारता येतो. १९७० मध्ये केनिया स्वतंत्र प्रांत झाला, ओलांग पहिले आर्चबिशप. त्याच वर्षी आपण उत्तर भारताच्या चर्चमध्ये सामील झालो.

रचनेबद्दल थोडक्यात लिही: नैरोबीत आर्चबिशप, खाली डायोसीस, आर्चडीकनरी, पॅरिश, डायोसीसच्या सिनॉडमध्ये बिशप आणि पाळकांबरोबर साधे सभासदही बसतात. पण कागदावरचा तक्ता उतरवून थांबू नकोस. खेड्यात एकेका पाळकाकडे अनेक मंडळ्या असतात, उपासना ले-रीडर चालवतात. एखाद्या ले-रीडरबरोबर रविवारी हिंड. मदर्स युनियनच्या बायकांशी बोल, मंडळीची खडानखडा माहिती त्यांना असते.

फ्रीअरटाउनची जुनी घंटा अजून आहे. तिच्यावरूनच त्या नाक्याला केंगेलेनी म्हणतात. तिचा फोटो मुखपृष्ठासाठी पाठव. जवळच्या चर्चमध्ये जोन्स-सेमलरांच्या काळची बाप्तिस्म्याची वही दाखवत असतील तर 'नाशिक' शब्द शोध.

तुझा,
काका