रिकामे हात

नम्रता हा ख्रिस्ती जीवनाचा पाया आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. परंतु नम्रता म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले तर आपण घुटमळतो. स्वतःला तुच्छ लेखणे म्हणजे नम्रता का? छळ सोसणाऱ्या सुनेला 'तू नम्रतेने घे' असे सांगणारे घर स्वतः नम्र असते का?

मरियामातेने स्वतःला प्रभूची दासी म्हटले आणि परमेश्वराने आपल्यासाठी केलेल्या थोर कृत्यांचे गीतही तिनेच गाइले. त्याच गीतात बलवंतांच्या पाडावाचा आणि दीनांच्या उत्थानाचा उल्लेख आहे. मिळालेले दान तिने लपवले नाही आणि ते आपल्या कर्तृत्वाच्या खात्यावरही जमा केले नाही. नम्रता म्हणजे परमेश्वरासमोर आपल्याविषयीचे सत्य मान्य करणे. ती ज्याची त्याने आचरायची असते. दुसऱ्याला दडपण्यासाठी ती वापरता येत नाही.

मात्र आपल्याविषयीचे सत्य पुष्कळदा असह्य असते. पेत्राने प्रभूला नाकारले, यहूदाने प्रभूला धरून दिले. दोघांनाही आपला अपराध कळला, दोघेही पश्चात्तापाने पोळले. यहूदाने तर चांदीची तीस नाणी परत केली. त्याचा अंतिम न्याय आपल्या हाती नाही. परंतु एक गोष्ट स्पष्ट दिसते : तो आपला अपराध घेऊन याजकांकडे गेला, येशूकडे गेला नाही. पेत्र रडला आणि शिष्यांच्या सोबतीत टिकून राहिला; म्हणूनच सरोवराच्या काठी प्रभूची प्रेमळ विचारपूस त्याच्या वाट्याला आली. भरवशाविना आपल्या दोषांची जाणीव माणसाला निराशेच्या गर्तेत लोटते. भरवसा जोडीला आला की तीच जाणीव ख्रिस्ती नम्रता होते.

हे सत्य ज्या तरुणीने अंगी बाणवले ती लिझ्यची संत तेरेजा. 1873 साली फ्रान्समध्ये जन्मलेली ही मुलगी वयाच्या पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि 1897 साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, क्षयरोगाने निवर्तली. पूर्णत्वाचा जिना चढण्यास आपण फार लहान आहोत, हे तिने ओळखले होते. त्या काळी श्रीमंतांच्या घरी नवलाईने आलेली लिफ्ट तिने पाहिली होती. येशूचे हात हीच आपली लिफ्ट, असे तिने लिहून ठेवले. आयुष्याच्या सायंकाळी आपण देवासमोर रिकाम्या हातांनी उभ्या राहू, असेही तिने म्हटले. पुण्याईचा हिशेब तिला मांडायचाच नव्हता.

हे बोल सुखाच्या दिवसांतले नाहीत. 1889 साली तिच्या वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. मुली मठात गेल्यामुळेच त्यांच्यावर ही पाळी आली, अशी कुजबूज गावात झाली. 'लोक काय म्हणतील' या भयाचा चटका आपल्या कुटुंबांना ठाऊकच आहे. तेरेजाने मात्र त्या मानहानीत काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूचा चेहरा पाहिला. पुढे 1896च्या ईस्टरनंतर तिच्या अंतःकरणात दाट अंधार पसरला. स्वर्गाचा विचारही तिला यातना देऊ लागला. त्या अंधारात तिने विश्वासांगीकार स्वतःच्या रक्ताने लिहून हृदयाशी जपला. भरवसा म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे. मागितलेले मिळाले नाही, प्रकाशही दिसला नाही, तरी हात न सोडणे म्हणजे भरवसा.

मठाबाहेर न पडलेल्या या संतेला 1927 साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले. सागर ओलांडून आलेल्या आणि आज जुन्या गोव्यात विसावलेल्या त्या प्रेषिताच्या शेजारी ही क्षयाने खंगलेली मुलगी! 1997 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून गौरविले, तर 2023 साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या याच भरवशावर एक स्वतंत्र प्रबोधनपत्र लिहिले.

आपल्या घरांत ही साधना कशी करावी? परीक्षेत नापास झालेल्या मुलाला त्याची चूक दाखवण्याआधी जवळ घ्यावे. सत्य पचवण्याचे बळ त्याला त्या मायेतूनच मिळेल. कर्जाचा किंवा व्यसनाचा भार लपवत एकट्याने न वाहता तो विश्वासाच्या माणसाकडे उघड करावा. मदत मागणे हीसुद्धा नम्रताच आहे. वृद्धांनी मुलांचा हात संकोच न करता धरावा. पतीने पत्नीची, सासूने सुनेची क्षमा मागताना 'पण' हा शब्द जोडू नये. आणि रात्री, दिवसभराच्या उणिवा मोजून झाल्यावर, त्या मोजतच पडून न राहता देवाच्या हाती सोपवून निवांत झोपावे.

मिस्सेमध्ये पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी आपण हात पुढे करतो, तेव्हा ते रिकामेच असतात. भरलेल्या मुठीत भाकर ठेवता येत नाही.