उकिरड्याची साक्ष

आमच्या घरी तिसऱ्या केल्या की कोण किती जेवलं, हे विचारावं लागत नाही. माझ्या पानाशेजारी शिंपल्यांचा सह्याद्री उभा असतो आणि हिच्या पानाशेजारी मोजून चार. "मला नाहीच आवडत फारशा," असं ही गेली तीस वर्षं म्हणते आणि गेली तीस वर्षं मी ते खरं मानत आलो आहे. मानायला सोपं आहे ना!

परवा दक्षिण आफ्रिकेतल्या एका गुहेबद्दल वाचलं आणि ही समजूत जरा हलली. मॉसेल बे या गावाजवळ पिनॅकल पॉइंटला समुद्राकाठच्या कड्यात गुहा आहेत. ('मॉसेल' म्हणजे डच भाषेत शिनाणे. गावानं पाटीवरच बेत लिहून ठेवलाय!) त्यातली एक गुहा '१३ बी'. चाळीतल्या खोलीचा नंबर वाटावा असं नाव. तिथं कर्टिस मॅरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसानं खाऊन टाकलेल्या शिनाण्यांची टरफलं सापडली, सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वीची. ही हकीगत २००७ साली प्रसिद्ध झाली. सोबत तांबडी गेरूही होती, काही खडे घासलेले. म्हणजे खाऊनपिऊन वर नटणंही होतं.

उष्ट्याला ही प्रतिष्ठा मिळवून दिली डेन्मार्कनं. तिथल्या किनाऱ्यांवरचे शिंपल्यांचे ढीग समुद्रानं टाकले की माणसानं, हा वाद. त्यासाठी १८४८ साली चक्क समिती नेमली: एक भूगर्भवाला, एक प्राणिवाला, एक पुराणवस्तुवाला. उकिरडा उपसायला तीन विद्वान! पण त्यांनी छडा लावला. ढिगात शिंपल्या होत्या त्या बहुतेक पुऱ्या वाढलेल्या, शिवाय कोळसा आणि गारगोटीची हत्यारं. समुद्र अशी निवड करीत नाही, गिऱ्हाईक करतं. या ढिगांना त्यांनी नाव दिलं 'स्वयंपाकघरातला उकिरडा', आणि तोच डॅनिश शब्द शास्त्रात रूढ झाला.

आता माझी अडचण ऐका. किती खाल्लं, कोणत्या जातीचं खाल्लं, हे सगळं ढीग सांगतो. पण शिंपलीवर काही खाणाऱ्याचं नाव नसतं. त्या गुहेत पोराला शेवटचं शिनाणं देऊन "माझं पोट भरलंय" म्हणणारी कोणी असेलच की! तिनं न खाल्लेल्याचं टरफल कुठं शोधायचं? खाणाऱ्याचा ढीग लाख वर्षं टिकतो. देणाऱ्याचा ढीगच होत नाही. मग पुराव्यावरच निकाल द्यायचा म्हटलं, तर जगात आजवर नुसते खादाडच होऊन गेले असं ठरेल. चांगुलपणाला साक्षीदार हवा असेल, तर तो पंक्तीत शेजारी बसलेलाच असू शकतो. मागाहून खणायला येणाऱ्याच्या हाती काही लागायचं नाही. आणि आमच्या पंक्तीतला साक्षीदार तीस वर्षं मान खाली घालून जेवत होता.

गेल्या रविवारी तिसऱ्यांचं पातेलं मी आधी हिच्याकडे सरकवलं.

"बरं नाही का तुम्हाला?" हिनं घाबरून विचारलं.

"पोट भरलंय माझं," मी म्हटलं. वाक्य जुनंच होतं, पण माझ्या तोंडी नवीन.

जेवणं झाल्यावर मी गुपचूप मोजलं. हिच्या बाजूला एकतीस शिंपल्या होत्या.

"आवडत नाहीत ना तुला?"

"कुणी विचारलं होतं?" ही म्हणाली आणि बोटं चाटत उठली.