पाण्याचा धनी कोण?

दोन शेजाऱ्यांच्या विहिरी एकाच पाझरावर भरत असाव्यात, आणि त्यांपैकीं एकानें आपल्या रानांत खोल बोअर घेऊन दुसऱ्याची विहीर कोरडी पाडावी. असें झाल्यास दुसऱ्याचें नुकसान झालें हें कोणीहि मान्य करील. परंतु त्याच्यावर अन्याय झाला काय? १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानें जमिनीच्या मालकास आपल्या जमिनीखालचें पाणी उपसण्याची मुभा दिली. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानें त्या मुभेस मर्यादा घालण्याचा मार्ग खुला केला खरा. पण ज्याची जमीन त्याचें पाणी, हीच समजूत गांवोगांवीं अद्याप दृढ आहे. ही समजूत न्याय्य आहे काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योगांचें कार्य करणारे जे. सी. कुमाराप्पा यांनीं तुरुंगांत असतां टिकाऊ अर्थव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला. वापरल्यानें संपणारी संपत्ति व निसर्गक्रमानें पुन्हा भरून येणारी संपत्ति, हा भेद त्यांच्या विचाराच्या मुळाशीं आहे. भूजल या दुसऱ्या जातीचें; पण उपशास मर्यादा असेल तोंवरच. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोटांत पाणी बेताचेंच मावतें. पावसाळ्यांत जेवढें मुरतें तेवढें व्याज; त्याहून अधिक उपसणें म्हणजे मुद्दलास हात घालणें होय.

आमचें अर्थधोरण मात्र मुद्दल खाणारासच बक्षीस देतें. शेतीपंपांची वीज दीर्घकाळ अश्वशक्तीच्या ठोक दरानें आकारली गेली. २०२४ सालीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना ती मोफत देण्याची योजना महाराष्ट्र सरकारनें जाहीर केली. उंसाला किमान भावाची कायदेशीर हमी आहे. प्रत्येक सवलतीच्या मुळाशीं दयाबुद्धि असेल. पण त्यांचा एकत्र अर्थ असा होतो कीं, जो अधिक उपसतो त्यास अधिक मिळतें, आणि ज्याच्यापाशीं विहीरच नाहीं त्या कोरडवाहू शेतकऱ्यास या दयेंतून कांहींच मिळत नाहीं.

मग पाण्याला व विजेला पुरता दाम लावावा काय? कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्यास हें सांगण्याचा अधिकार, नळ सोडतांच पाणी मिळणाऱ्या आम्हां शहरवासीयांना कितपत आहे, असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. शिवाय केवळ दाम वाढविल्यानें पाणी ज्याच्या गांठीं पैसा त्याच्याकडेच वळेल. म्हणजे प्रश्न किंमतीपूर्वीं वांटणीचा आहे.

या वांटणीचा एक प्रयोग आमच्याच मुलखांत झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्यानें पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें पाणी पंचायतीचा पाया घातला. तिचे नियम साधे, पण कठोर होते. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या मानानें द्यावयाचें: दरमाणशीं अर्ध्या एकरापुरतें, आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें. भूमिहीनासहि हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासवें जाणार नाहीं. उंसाला मनाई. योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा सभासदांनीं स्वतः उचलावयाचा.

अशा सर्वच योजना पुढें टिकल्या असें नाहीं. भोवतालचें सारें धोरण उलट दिशेस ओढीत असतां मूठभर गांवांच्या संयमानें किती काळ तग धरावा? म्हणून आम्हांस वाटतें, सवलतीचा पैसा तोडूं नये, त्याचें पात्र बदलावें. वीजपंपावर होणारा खर्च विहीर असो वा नसो, प्रत्येक शेतकरी कुटुंबास सारखा मिळावा. ज्वारी-बाजरीची खरेदी उंसाइतकी निश्चित व्हावी. आणि उपशाची मर्यादा गांवानें दरवर्षीं पाऊस पाहून ठरवावी. यामुळें साखर महागली, तर तो आमचा वांटा समजून आम्हीं निमूटपणें सोसावा.

आरंभींच्या प्रश्नाचें आमचें उत्तर होकारार्थी आहे. त्या शेजाऱ्यावर अन्याय झाला. कारण जें सामायिक होतें तें एकट्यानें घेतलें गेलें. त्या शेजाऱ्यास निदान ग्रामसभेंत तक्रार करतां येते. पन्नास वर्षांनीं त्याच शिवारांत नांगर धरणाऱ्यास आज तीहि सोय नाहीं. त्याची बाजू मांडणें हें आजच्या धोरणाचेंच कर्तव्य आहे.