गुण कोठे वसतो?

द्रव्याचा गुण त्याच्या कारणांत आधीपासूनच असतो की नव्याने उत्पन्न होतो, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. कार्य कारणात अव्यक्त रूपाने असतेच, हे सांख्यांचे मत सत्कार्यवाद म्हणून ओळखले जाते. उलट कारणात नसलेले कार्य नव्याने जन्मते, असा न्याय-वैशेषिकांचा असत्कार्यवाद आहे. या वादात माती आणि घट, तंतू आणि पट हे दाखले परंपरेने दिले जातात. डोंबिवली-अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांशेजारी राहणाऱ्या समाजाने मात्र हा प्रश्न हायड्राझोन संयुगांच्या आधारेही तपासून पाहावा.

हायड्राझाइड आणि अल्डिहाइड यांचा संयोग होताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो, कार्बन व नायट्रोजन यांच्यात दुहेरी बंध जुळतो आणि हायड्राझोन तयार होते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन या औषधाच्या रेणूतही असा बंध आहे. अशा संयुगाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले असता त्यांच्या विवर्तनातून, म्हणजे ठरावीक दिशांनी विखुरण्यातून, अणूंची स्थाने गणिताने काढता येतात. नैयायिकांच्या परिभाषेत हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान होय. या अनुमानाने रेणूची ठेवण आणि शेजारच्या रेणूंशी असलेले त्याचे हायड्रोजन बंध कळतात. परंतु तो रेणू जिवाणूची वाढ रोखील की नाही, हे केवळ स्फटिकरचनेवरून ठरत नाही, त्यासाठी जिवाणूशीच त्याची गाठ घालावी लागते.

अनेक हायड्राझोनांचे मूळ संयुग असलेले आयसोनियाझिड हे हायड्राझाइड हान्स मायर आणि योसेफ माली यांनी 1912 साली प्रागमध्ये तयार केले, पण त्याचे क्षयरोगनाशक सामर्थ्य 1952 च्या सुमारास उघड झाले. गुण होताच, तो फक्त अव्यक्त होता, असे सांख्य येथे म्हणतील. तथापि हे औषध मूळ रूपात जवळजवळ निष्क्रिय असते. क्षयाच्या जिवाणूचे कॅटजी नावाचे विकरच त्याला सक्रिय करते आणि त्यातून जिवाणूच्या पेशीभित्तीची घडण थांबते. जनुकीय बदलाने ते विकर निकामी झाले, तर रेणू तोच असूनही त्याचे औषधपण संपते. म्हणून गुण एकट्या द्रव्यात नाही आणि एकट्या जिवाणूतही नाही. तो दोहोंच्या संबंधात प्रकट होतो, आणि येथे प्रत्येक वस्तू हेतू व प्रत्यय, म्हणजे मुख्य कारण व साहाय्यक परिस्थिती, यांवर अवलंबून उपजते, हा बौद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद अधिक समर्पक ठरतो. द्रव्याचे औषधत्व युक्तीवर, म्हणजे योग्य योजनेवर, अवलंबून असते, ही चरकसंहितेची भूमिकाही याच दिशेची आहे.

हा निष्कर्ष केवळ तात्त्विक नाही. गुण संबंधात असेल, तर त्या संबंधाची जबाबदारीही द्रव्यावर ढकलता येत नाही. उपचार अर्धवट सुटला की तेच औषध प्रतिकारक्षम जिवाणूंना वाट करून देऊ शकते, म्हणून रुग्णाला ते महिनोन्‌महिने अखंड मिळेल हे पाहणे समाजाचे कर्तव्य ठरते. आणि 26 मे 2016 व 23 मे 2024 रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेल्या प्राणघातक स्फोटांचा विचार करतानाही रसायन घातक होते एवढे म्हणून थांबता येत नाही, ते कोणत्या पात्रात, किती तापमानाला, कोणाच्या देखरेखीखाली आणि वस्तीपासून किती अंतरावर होते, हे विचारावेच लागते. द्रव्याला पाप-पुण्य नसते. त्याची योजना करणाऱ्या माणसाला ते असते.