बाटल्यांचा हिशेब

आम्ही सांगलीचे. उंचीशी आमचा संबंध फार तर गणपतीच्या देवळाच्या शिखरापुरता. सातारकरांचं तसं नाही. ते खिडकी उघडतात ती अजिंक्यताऱ्यावर. त्यामुळे साताऱ्याचे आमचे साडूभाऊ घरी आले, की माझ्या पोटाकडे बघून सुस्कारा सोडतात. गेल्या डिसेंबरात त्या सुस्काऱ्यांना कंटाळून मी वासोट्याला 'हो' म्हणून बसलो.

कासच्या पठारावरून बामणोली, तिथे वनखात्याची परवानगी आणि मग शिवसागरातून लाँच. "एवढी यातायात कशाला?" मी विचारलं.

"कारण तिथे माणूस नाही!" साडूभाऊ म्हणाले.

पूर्वीही वासोट्यावर कुणी हौसेनं जात नसे. ती कैद्यांची जागा. १८१८ साली इंग्रजांनी गड घेतला, तेव्हा मराठ्यांनी पकडलेले दोन इंग्रज अधिकारी तिथेच सुटले. त्यांना बिचाऱ्यांना निदान फुकट नेलं होतं. आम्ही पैसे भरून निघालो होतो.

लाँच मध्यावर आली. दोन्ही बाजूंना गर्द झाडी. मला राहवलं नाही. "वा! मानवाचा स्पर्श न झालेला निसर्ग!"

"आमच्या आज्याचं घर हितंच हाय, सायेब," लाँचवाला सुकाणू न सोडता म्हणाला. "तुमच्या चपलंखाली. लई खाली."

मी नकळत पाय वर घेतले.

कोयनेचं धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली. जे वर डोंगरात सरकले, त्यांच्यातल्या कित्येकांना पुढे अभयारण्यासाठी उठावं लागलं. अभयारण्य १९८५ चं, व्याघ्र प्रकल्प २०१० चा. मी मनातल्या मनात वकिली सुरू केली. धरण नसतं तर माझ्या डोक्यावरचा पंखा कशावर फिरला असता? माणसं राहिली असती तर हे रान इतकं दाट राहिलं असतं का? मुद्दे बिनतोड होते. फक्त मुद्दे माझे होते आणि घर त्याचं होतं.

चढताना रानात एक चौथरा दिसला. शेजारी फुटकं जातं. "काही नाही, असेल कुणाचं तरी घर," म्हणत साडूभाऊ पुढे गेले. गडावर पोचलो तर तिथेही एक चौथराच! इथे मात्र साडूभाऊंनी पायातले बूट काढले, कपाळाला माती लावली, आमचे सर्वांचे फोटो काढले.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "खालच्या चौथऱ्याला का नाही हो नमस्कार केला?"

"तो ऐतिहासिक नाही."

"म्हणजे अजून किती वर्षं थांबायचं त्यानं?"

साडूभाऊ धापा टाकण्यात गुंतले. दगड तर दोन्हीकडे सारखेच होते. वर किल्लेदाराचा हुकूम चालला असेल, खाली भाकरी भाजली गेली असेल. भाकरीचा इतिहास कुणी लिहीत नाही, एवढाच फरक.

उतरल्यावर वनरक्षकानं आमच्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या. सकाळी सात नेल्या होत्या, सात परत आणल्या. "शाब्बास! रानात काही मागं सोडायचं नाही," तो म्हणाला. नियम चांगलाच आहे. आम्ही अभिमानानं लाँचमध्ये चढलो.

परतीच्या वाटेवर लाँच पुन्हा त्या जागी आली. लाँचवाला काही बोलला नाही. मीही बोललो नाही. पण या खेपेला मी चपला काढून मांडीवर घेऊन बसलो होतो.

"भिजल्या वाटतं?" साडूभाऊंनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.