काट्यावरची चिठ्ठी

गेल्या हंगामात एका पहाटे मी एका साखर कारखान्याच्या गेटबाहेर टायरगाड्यांच्या रांगेकडेनं चालत होतो. ऊस इतका उंच रचलेला की समोरून आधी मोळ्या दिसायच्या आणि मग त्यांच्याखालचे बैल. एका बैलाचा खांदा सुजून मुठीएवढा झाला होता. सुजेवर हळद लावलेली होती. गाडीवान बीडकडचा. म्हणाला, "दोन दिस बसवायला पाहिजे त्याला, पण खाडा पडला तर उचल कशी फिटायची?" गाडी काट्यावर गेली, वजन झालं, चिठ्ठी निघाली आणि गाडी गव्हाणीकडे सरकली.

तेव्हापासून ती चिठ्ठी माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

खेड्यापाड्यांत प्राण्यांच्या छळाविरुद्धचे कायदे का चालत नाहीत, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. पोलीस कमी, गावं लांब, साक्षीला कुणी उभं राहत नाही, पुरावा हाती लागत नाही. रात्री कुणी कुत्र्याला विष घातलं, तर हे उत्तर पटतंही. उसाच्या वाहतुकीत मात्र पुरावा शोधत फिरावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं ते उन्हाळा लागेपर्यंत, आणि तेवढ्या काळात काट्यावर आलेल्या प्रत्येक गाडीचं वजन कारखान्याच्या दप्तरी नोंदलं जातं. बैलावर जादा ओझं लादलं गेलं, तर ते किती, हे सांगणारा कागद त्याच दिवशी तयार होतो. त्याच कागदावर मजुरी निघते.

प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाणीच्या बरोबरीनं जादा ओझं लादणं हाही गुन्हा आहे. १९६५ चे नियम आणखी बारकाईनं लिहिलेले आहेत. बैल किती वजनाचा, गाडीला चाक कोणतं, रस्त्याला चढ किती, यावर ओझ्याची मर्यादा ठरते. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन बैल जुंपायचा नाही. टोकदार आर लावलेली पराणी वापरायची नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांना बैलाचं काम ठाऊक होतं, हे वाचताना जाणवत राहतं.

मग घोडं अडतं कुठे? पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम होती. आज पाच-सहा कप चहाचे पैसे होतात. जादा ओझ्याचा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. शिवाय गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही, तर पुढे काहीच करता येत नाही. तेवढ्यात हंगाम संपून पट्टा पडतो, फड रिकामे होतात आणि टोळी गावाकडे परतते. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दंड आणि शिक्षा वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. तो अजून मसुदाच आहे.

आपल्याला बैलाची पर्वाच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. बैलगाडा शर्यतींसाठी राज्यानं २०१७ मध्ये प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडून मे २०२३ मध्ये ती टिकवली. त्या दुरुस्तीत अटी मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते. शर्यतीतला बैल काही क्षण धावतो. ऊसगाडीचा बैल पाच-सहा महिने राबतो, आणि त्याच्या वाट्याला अजून १९६० चेच पन्नास रुपये आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. ज्या खांद्याला तूप-हळद चोळायची, त्यावर उद्या किती वजन येणार आहे याचा हिशेब मात्र आपण मुकादमावर सोडून दिला आहे.

यावर काही प्राणिमित्र गाडीवानाला धरा म्हणतात. माझा त्याला विरोध आहे. मजुरी टनावर मिळते. गाडी हलकी भरली की त्याच दिवशी पोटाला चिमटा बसतो. बैलजोडी बहुतेक वेळा उचलीच्याच पैशांतून आलेली असते. बैल बसला तर कर्ज उभंच राहतं आणि दुसरा बैल घ्यायला नवं कर्ज निघतं. त्या माणसाला आपल्या बैलाची दया येत नाही, असं म्हणण्याचं धाडस त्या पहाटेनंतर मी करणार नाही. कायद्याचं बोट मात्र बैल हाकणाऱ्याकडे आणि बैलाच्या मालकाकडे जातं, आणि इथं हे दोघे एकच असतात. ज्याच्या गव्हाणीसाठी ओझं ओढलं गेलं, त्या कारखान्यापर्यंत ते बोट पोचत नाही.

आणि तरीही कारखान्याला वेसण घालायची सोय आहे. दर हंगामाला साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्यात ओझ्याच्या मर्यादेची अट घालता येईल, गाडीतळावर पशुवैद्यक नेमायला लावता येईल, मर्यादेवरच्या वजनाची नोंद जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे पाठवायला लावता येईल. या सोसायट्या प्रत्येक जिल्ह्यात असाव्यात, असं २००१ चे नियमच सांगतात. त्यासोबत बैलगाडीचा वाहतूक दर वाढवावाच लागेल. नाहीतर बैलाचं ओझं उतरवून आपण ते माणसाच्या पाठीवर टाकू. सांगली जिल्ह्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये जुवाखाली टेकू देणारं फिरतं चाक बनवलं, मानेवरचा भार कमी व्हावा म्हणून. असं चाक प्रत्येक गाडीला बसवायचा खर्च कुणी करायचा, हेही परवान्यातच लिहून टाकावं.

यंत्रं येताहेत, बैल आपोआप सुटतील, असं काही जण म्हणतात. ओल्या रानात, अरुंद पाणंदीत, दहा-वीस गुंठ्यांच्या फडात अजून बैलच जातो. येत्या हंगामातही जाईल. त्या पहाटे रांगेत माझ्यासमोरच्या गाडीचं वजन झालं तेव्हा काटेवाल्यानं आकडा मोठ्यानं सांगितला. गाडीवानानं तो पुन्हा विचारून घेतला, चिठ्ठीची घडी केली आणि बंडीच्या आतल्या खिशात जपून ठेवली.