नव्यांचा काय दोष?

तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, जिच्यासारखी दुसरी आता मिळत नाही. माझ्याकडे यामाहाचे एनएस-१० स्पीकर आहेत. १९७८ साली ते बाजारात आले. वूफरच्या पांढऱ्या शंकूला लागणारा लाकडाचा लगदा मिळेनासा झाला आणि २००१ साली ते बंद झाले. माझी जोडी आता थकली आहे. रुवीतला दुकानदार नवे लावून दाखवतो. आवाज जास्त स्वच्छ, तरी मी नाही म्हणतो. कारण मी शोधतोय ती बाबांबरोबर भीमसेन ऐकलेली रात्र, आणि ती दुकानात मिळत नाही. मग नव्या स्पीकरांचा काय दोष? मस्कतला पुण्याच्या मापाने मोजताना आपण हाच अन्याय करतो. या शुक्रवारी नवे घरी आणीन. आठवण मी सांभाळेन. त्यांनी फक्त गाणं ऐकवावं.